पालकांची खेळ-कार्यशाळा: व्याख्यान कमी, सतरंजी जास्त

बडोद्यात बालसंगोपनाची कार्यशाळा म्हटली की चित्र ठरलेलं असतं. मंडळाचा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, प्रोजेक्टरवर मेंदूचं रंगीत चित्र, दीड तास व्याख्यान, मग चहा आणि ग्रूप फोटो. पालक माना डोलावतात, दोन वाक्यं टिपून घेतात आणि सोमवारी तीन वर्षांच्या पोराला पुन्हा 'अ' गिरवायला बसवतात. यात त्यांचा फारसा दोष नाही. खेळातून शिकणं ही ऐकून पटणारी गोष्टच नाही. ज्याने स्वतः डाव्या हाताने जगमधून पाणी ओतून पाहिलं, त्यालाच तीन वर्षांच्या मुलाचं पाणी का सांडतं ते कळतं. म्हणून कार्यशाळा घ्यायची तर पालकांनी मांडी घालून हात भिजवायला हवेत.

आधी वेळ-काळाचं बघू. रविवारी सकाळी १० ते १२ सोयीचं, मेमध्ये ९ लाच सुरू करा. नवरात्रीचे दिवस टाळा. रात्री गरब्याला जागलेली मुलं सकाळी रडतात आणि आया पेंगतात. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४-१५ जानेवारी, तर विसराच. पतंगांच्या नादात गच्चीवरून माणूस खाली उतरत नाही. कुटुंबं बारा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक घरातून दोन मोठे बोलवा, त्यातले एक शक्यतो आजी किंवा आजोबा. दुपारी मूल ज्यांच्याजवळ असतं ते घरी आणि कार्यशाळेत फक्त नोकरी करणारे आई-बाबा, असं झालं तर सांगितलेलं सगळं उंबऱ्यावरच राहतं.

दोन तासांची वाटणी अशी: पहिला तास फक्त मोठ्यांचा, पाणी, मैद्याचा गोळा, ठोकळे आणि मोजणं अशा चार कोपऱ्यांत प्रत्येकी १५ मिनिटं. तेवढा वेळ मुलं शेजारच्या खोलीत. तिथे दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, तीन ते सहा वर्षांच्या पाच-सहा मुलांमागे एक. मग १५ मिनिटं बोलणं. मग मुलं आत येतात आणि ३० मिनिटं त्याच कोपऱ्यांत खेळतात. पालक बघतात आणि तोंड बंद ठेवतात. शेवटी १५ मिनिटं प्रश्न. मुलं पहिल्यापासून आत ठेवली तर सगळा वेळ 'अरे, ते नको उचलू' यातच जातो.

पहिला कोपरा पाण्याचा. लागतं ते घरातलंच: २५० मिलीचा हलका जग, दोन छोटे ग्लास, कडा असलेला ट्रे किंवा परात, आणि एक स्पंज. जग अर्धाच भरायचा. ग्लासला बोटभर उंचीवर रबर बँड लावायचा, म्हणजे 'इथपर्यंत' हे मुलाला दिसतं, सांगावं लागत नाही. ग्लास पारदर्शक हवा. स्टीलच्या पेल्यात पाणी कुठवर आलं ते वरून वाकल्याशिवाय कळत नाही, आणि वाकलं की हात हलतो. जग मोठा असेल तर मनगट पेलत नाही. काठोकाठ भरलेला असेल तर जरासं कललं की एकदम लोट येतो. सगळ्यात नडतो तो आईचा हवेत तरंगणारा हात. तो दिसला की मूल जगाकडे न बघता आईकडे बघतं आणि नेमकं तेव्हाच सांडतं.

पालकांना हेच काम उलट्या हाताने करायला लावा, वर शेजाऱ्याला 'सांभाळून, सांडशील हं' म्हणायला सांगा. हॉलभर पाणी होतं आणि मुद्दा पाच मिनिटांत पोचतो. पुसणं हाही खेळच आहे: स्पंज भिजवून परातीत पिळायला दिला की तळहाताला आणि बोटांना जो व्यायाम होतो तोच पुढे पेन्सिलीच्या कामी येतो. कोरडं ओतायचं असेल तर तीन वर्षांवरच्या मुलांना ज्वारी-मूग चालतील. त्याखाली कडधान्य नको, नाकात-कानात जातं, रवा द्या. आणि भरलेली बादली मुलाजवळ एकटी कधीच ठेवायची नाही. रांगतं मूल थोड्याशा पाण्यातही डोकं खाली जाऊन बुडू शकतं. खेळ संपला की पाणी तिथल्या तिथे ओतून टाका.

दुसरा कोपरा मैद्याच्या गोळ्याचा. प्रमाण: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन मोठे चमचे तेल, आणि पाऊण ते एक वाटी पाणी, तेही थोडं थोडं घालत. आधी मैदा-मीठ कोरडं मिसळा, मग तेल चोळा, मग पाणी. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. रस घातलात तर तेवढं पाणी कमी करा. मिठात कंजूषी केली की गोळा दोन दिवसांत आंबतो. पण तेच मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं आणि डबा उघडला की गोळा चिकट झालेला असतो. अशा वेळी चमचाभर कोरडा मैदा मळून घ्या. पाणी सुटलं असेल तर सरळ नवा करा. जुलै-ऑगस्टमध्ये अर्ध्या प्रमाणात केलेला बरा, आणि डबा फ्रीजमध्ये. हा गोळा खाल्ला तर इतकं मीठ पोटात जाणं चांगलं नाही, तेव्हा ज्या मुलाची हातातली वस्तू अजून तोंडात जाते त्याला पोळीची साधी कणीक द्या.

या कोपऱ्यात साचे ठेवू नका. तारा-फुलांचे साचे आले की मूल दोनदा दाबतं, मग 'तू काढून दे' म्हणत मोठ्यांकडे सरकवतं. त्यापेक्षा चकलीचा सोऱ्या ठेवा. दोन्ही हातांनी दाबायचा, फिरवायचा, आणि खालून शेव पडताना बघायची: तीन-चार वर्षांच्या मुलांना याहून मोठी करामत नाही, आणि खांद्यापासून बोटापर्यंत सगळे स्नायू कामाला लागतात. जोडीला छोटं पोळपाट-लाटणं, बोथट चमचा, आइस्क्रीमच्या काड्या. बस्स.

लेखनाचा विषय इथेच काढावा, कारण प्रत्येक आई तोच मनात धरून आलेली असते. साधारण क्रम असा असतो: दोन वर्षांच्या आसपास उभी रेघ, अडीच-तीनला आडवी, तीनला गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण. आता 'क' किंवा 'झ' बघा. त्यात गोल आहे, वळण आहे, तिरकं उतरणं आहे, वरची आडवी रेघ आहे. ज्याला अजून अधिकचं चिन्ह जमत नाही त्याच्याकडून हे अक्षर मागणं म्हणजे हट्टच. मूल मग पूर्ण मुठीने पेन्सिल आवळतं, कागद फाडतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. उपाय स्वस्त आहे. खडूचे आणि रंगकांड्यांचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. पाटी मांडीवर न देता भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर टांगा. उभ्या पृष्ठभागावर रेघ ओढताना मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना तसंच लागतं. शाळेने केजीत गृहपाठाला पानभर अक्षरं दिली असतील तर शिक्षिकेशी मोकळेपणाने बोला. बऱ्याच जणी तो गृहपाठ पालक मागतात म्हणूनच देतात.

तिसरा कोपरा लाकडी ठोकळ्यांचा, आणि खर्च करायचाच तर इथे करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी जे मापशीर ठोकळे रूढ केले त्यांचं गमक एकच: जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ अशा प्रमाणात. आपल्या सुताराला सांगायचं माप असं: पूर्ण ठोकळा १४ × ७ × ३.५ सें.मी., अर्धा ७ × ७ × ३.५, दुप्पट २८ × ७ × ३.५. सुतार इथे एक चूक हमखास करतो. तो पूर्ण ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे काढतो. करवतीचं पातं दोन-तीन मिलिमीटर खातं, मग दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही, भिंत तिरकी उभी राहते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून प्रत्येक ठोकळा स्वतंत्र मापून कापायला लावा आणि दोन अर्धे एका पूर्णावर ठेवून तपासून घ्या, तिथेच, दुकानात उभं राहून. एका घराला ५० ठोकळे पुरतात: २४ पूर्ण, १२ अर्धे, ८ दुप्पट, आणि उरलेले ६ त्रिकोणी किंवा गोल खांब. प्लायवुड नको, त्याच्या कडा सुटतात आणि बोटात कुसळं जातात. पॉलिशपेपर ८० नंबरपासून सुरू करून १५०, मग २२० असा मारा, कडा-कोपरे थोडे गोल करा. रंगाची गरज नाही. संखेड्याच्या फर्निचरवरचं लाखकाम बडोद्याच्या घराघरांत शोभून दिसतं, पण ठोकळा जितका गुळगुळीत तितका घसरतो.

ठोकळ्यांशी मूल कसं खेळतं याचा क्रम अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३०च्या दशकात मांडला आणि तो अजून लागू पडतो. आधी नुसते उचलून इकडून तिकडे नेणं. मग रांग किंवा मनोरा. मग दोन उभे आणि वर एक आडवा, म्हणजे पूल. मग चारी बाजूंनी बंद जागा. मग सममिती असलेली नक्षी. आणि शेवटी 'हा कामाटी बाग, ही गाडी इथून निघते' असं नाव देऊन केलेली बांधणी. पालकांना हा क्रम सांगण्याचा फायदा असा की दोन वर्षांचं पोर ठोकळे पिशवीत भरून घरभर हिंडतं तेव्हा 'नीट खेळत नाही' अशी तक्रार थांबते. ते नीटच खेळतंय. पुलाची पायरी जवळ आली की मूल दोन खांबांत जास्त अंतर ठेवतं आणि वरचा ठोकळा खाली पडतो. पुन्हा ठेवतं, पुन्हा पडतो. इथे मोठ्यांनी खांब सरकवून दिला की अर्ध्या तासाचं शिक्षण हातून गेलं. मनात हळू दहा आकडे मोजा. तोवर मूल एकतर लांब ठोकळा शोधतं, नाहीतर खांब जवळ आणतं.

चौथा कोपरा मोजण्याचा. वीसपर्यंत घडाघडा आकडे म्हणणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलासमोर दहा चमचे ठेवा आणि म्हणा, 'मला चार दे.' बऱ्याचदा ते मूठभर चमचे उचलून देतं. आकड्यांची माळ पाठ असणं वेगळं आणि चार म्हणजे किती हे कळणं वेगळं. एक, मग दोन, मग तीन असं ते एकेक पायरीने उमजतं, आणि मध्ये महिनोन् महिने जाऊ शकतात. यावर वर्कबुक नाही, जेवणाची पानं आहेत. 'आपण किती जण? तितकी ताटं आण.' प्रत्येकापुढे एक ताट, प्रत्येक ताटात एक वाटी. 'आजोबांना दोन खाखरे, तुला एक.' कमी पडलं तर जेवताना कळतंच, आपल्याला चूक दाखवावी लागत नाही.

मधल्या १५ मिनिटांच्या बोलण्यात बडोद्याच्या मराठी घरांना एक गोष्ट जरूर सांगा: भाषेची. घरात मराठी, सोसायटीच्या ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल म्हणतं, 'आई, मने ते पतंग दे', यातलं 'मने' गुजराती, म्हणजे 'मला'. आई घाबरते, कुणीतरी सल्ला देतं की घरी इंग्रजीच बोला म्हणजे गोंधळ होणार नाही. असं करू नका. दोन भाषा एका वाक्यात येणं हे दुभाषिक मुलांचं नेहमीचं वागणं आहे, आजार नव्हे. त्याचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. 'पाणी' मराठीत, 'आवजो' गुजरातीत, 'बॉल' इंग्रजीत, हे तीन शब्द झाले. उत्तर देताना वाक्य न सुधारता आपल्या भाषेत पूर्ण करून परत द्या: 'तुला तो लाल पतंग हवाय? हा घे.' आणि प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबा. पाच सेकंद मोठ्यांना फार वाटतात, मुलाला शब्द शोधायला तेवढे लागतातच. 'हे काय? रंग कोणता?' अशी सरबत्ती पुस्तक उघडताच सुरू करणं म्हणजे परीक्षाच; त्यापेक्षा 'आता काय होईल?' हे एकदाच विचारावं.

आजोबा लोकांतून 'आमच्या वेळी नव्हती ही असली थेरं' असा सूर निघतोच. त्यांना सांगायला हरकत नाही की ही थेरं आपल्याकडे शंभर वर्षांची आहेत. गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक १९२३मध्ये त्यांच्याबरोबर कामाला लागल्या, १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हेच काम आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेलं. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडी आहे. आजोबांना मग विटी-दांडू, सागरगोटे, लगोरी आठवते आणि ते सगळ्यात चांगले स्वयंसेवक ठरतात.

शाळाप्रवेशाचा प्रश्न टाळता येणार नाही. गुजरातमध्ये २०२३-२४पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि त्याआधीच्या वर्षासाठी बालवाटिका आली. 'वर्ष फुकट गेलं' ही ओरड अजून ऐकू येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाटिका आणि पहिली-दुसरी एकाच पायाचे भाग आहेत. पाच वर्षांच्या मुलाला ते जादाचं वर्ष ठोकळ्यांत, चिखलात आणि गोष्टींत घालवू दिलंत तर त्यात त्याचं नुकसान काहीच नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं ते असं: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते चारमध्ये दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही, कमी तितका बरा; आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. जेवताना मोबाइल काढून घेतला तर पहिले तीन-चार दिवस मूल कमी खातं, रडतं. याच दिवसांत घरातलं कुणीतरी विरघळतं. सगळ्यांनी आधी ठरवून मगच सुरुवात करा.

मुलं आत येतात त्या अर्ध्या तासात काय काय होतं ते आधी सांगून ठेवा. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं शेजारी बसून वेगवेगळं खेळतील, एकमेकांशी बोलणारही नाहीत. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२मध्ये याला समांतर खेळ म्हटलं, आणि ते या वयाचं वैशिष्ट्य आहे. 'शेअर कर ना, बाळा' हे या वयात फुकट जातं. प्रत्येक कोपऱ्यात एकाच वस्तूचे दोन-तीन नग ठेवा, अर्धी भांडणं होतच नाहीत. पालक मुलाचा मनोरा पूर्ण करायला पुढे सरसावतील, बाबा व्हिडिओ काढतील. दोन्हींना आधीच प्रेमाने मनाई करा. बक्षिसं, प्रमाणपत्रं, 'सर्वोत्तम मनोरा' हे काहीही नको. स्पर्धा आली की पालकच ठोकळे रचायला बसतात.

सुरक्षेची एक चाचणी सगळ्यांना करायला द्या. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. बटण-सेल, छोटी लोहचुंबकं, फुटलेल्या फुग्याचे तुकडे हे तर मोठ्या भावंडांच्या खेळण्यांतूनही वेगळे काढा. विकतच्या खेळण्यावर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१पासून ती सक्तीची आहे. आणि नाश्त्याचं बघा. आपल्याकडे चहाबरोबर खारी शिंग (खारे शेंगदाणे) आणि शेव-चिवडा आपसूक येतो. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. मुलांसाठी केळ्याचे काप, उपमा असं काही ठेवा आणि मोठ्यांच्या बश्या टेबलावरच राहू द्या.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी हळूच विचारतं, 'आमचा बोलत नाही, काळजीचं आहे का?' तिथे 'मुलगे उशिराच बोलतात' असं म्हणून उडवून लावू नका. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं, टाटा करणं काहीच नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. चोवीस महिन्यांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलणं नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं-हसणं-खेळणं बंद पडलं, तर थांबायचं नाही. आधी कान तपासून घ्यायचे, मग बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची तपासणी. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी सरकारी पातळीवर मोफत होते. हे उत्तर सगळ्यांसमोर लांबवू नका, त्या आईला बाजूला घेऊन बोला. बाकी 'आमचा जेवत नाही' या प्रश्नाला दोन मिनिटांची हद्द घाला, नाहीतर सगळा वेळ तोच खातो.

जाताना प्रत्येक घराला एकच काम द्या. पाणी, गोळा, ठोकळे, ताटं यातलं त्यांनीच एक निवडायचं आणि तीन आठवडे रोज १५ मिनिटं करायचं. चारही दिले तर कुणीच काही करत नाही. तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर एवढंच विचारा: कुठल्या वारी सुटलं आणि का? उत्तरं बहुतेक सारखीच येतात. संध्याकाळी पसारा आवरायला कुणी नव्हतं, किंवा ट्रे माळ्यावर गेला. सामान मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात हवं आणि आवरण्यासाठी एक टोपली, एक फडकं. पुढच्या कार्यशाळेचा पहिला विषय तोच ठेवा.